वेशीपाशी उतरवलेलं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. जुना झालो तो वापरून नव्हे, खुंटीला लटकून. कडेगावजवळच्या एका वाडीत, म्हशीच्या गोठ्यात माझा मुक्काम आहे. शेजारी कासरा, वर कोळिष्टकं. म्हैस अधूनमधून माझ्याकडे बघते, पण तिचं आणि माझं बोलणं ते काय होणार! दिवसदिवस कुणी हात लावत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच चार शब्द बोलावेत.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेर टणक कवच, आत जाड थर्माकोल, त्यावर मऊ अस्तर आणि हनुवटीखाली पट्टा. माणूस पडला तर आधी मी चेपायचं, मी तडकायचं आणि आतलं डोकं राखायचं, एवढंच माझं काम. सांगलीच्या एका दुकानातून संयोगितानं मला घरी आणलं. तिचा नवरा शिवतेज रोज मोटारसायकलवरून कराडला पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायचा. पहिल्याच सकाळी ती दारात उभी राहिली. "आवं, पट्टा लावल्याबिगर किल्ली मिळायची न्हाई," म्हणाली. शिवतेज हसला आणि त्यानं गुमान पट्टा लावला.

काय दिवस होते ते! वारा, धूळ, चिलटं, सगळं मी अंगावर घ्यायचो. एकदा ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा माझ्या काचेवर आदळला. शिवतेजनं गाडी थांबवली, मला थोपटलं आणि म्हणाला, "वाचिवलंस गड्या." ते कौतुक मला आजही पुरतं.

पण गावची रीत आडवी आली. वेशीजवळच्या पारावर भाऊसो नावाचे एक म्हातारे बसायचे. शिवतेजचे वडील जोतीराम आबा तिथं गेले, की भाऊसो त्यांना टोमणा मारायचे. "काय जोतीराम, पोरगं लय मोठं झालं व्हय? समोरनं जातंय, रामराम न्हाई का काय न्हाई!" आता खरं सांगतो, शिवतेज रोज मान लववायचा. पण माझ्याआडून तोंड दिसत नाही आणि लववलेली मान गाडीच्या हिसक्यासारखी दिसते. आबांना ते बोलणं लागलं. त्यांनी पोराला फर्मावलं, "वेशीत आलं की ते डबडं काढत जा. चार मानसांस्नी तोंड दिसाया पायजे. हितनं घर ते केवढं लांब!"

डबडं म्हणाले मला. राग आला, पण सांगणार कुणाला? शिवतेज बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. त्या दिवसापासून वेस आली, की मी डोक्यावरून उतरायचो आणि आरशाला लटकायचो. रामराम वाईट नव्हे, मित्रांनो. थोरामोठ्यांना तो घालावाच. पण गाडी उभी करून घालावा.

ऊसतोडीचे दिवस होते. ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या रस्त्यावर विखुरलेल्या. दिवस कलताना आम्ही पाराशी आलो. शिवतेजनं रामराम घालायला एक हात उचलला आणि पुढचं चाक कांडीवरून घसरलं. त्याचं डोकं पाराच्या दगडावर आपटलं. मी आरशावरून निसटलो आणि घरंगळत गटारीत गेलो. मला साधा ओरखडासुद्धा आला नाही. लाज वाटते सांगायला.

माणसं धावली. भाऊसो ओरडत होते, "पाणी पाजा रं त्याला! उठवून बसवा!" तेवढ्यात संयोगिता पळत आली. "पाणी नगा पाजू, ठसका लागंल! मान हलवू नगा! आबा, आदी एकशेआठला फोन लावा!" तिचं ऐकलं म्हणून बरं झालं. बेशुद्ध माणसाच्या घशातलं पाणी छातीत उतरतं. रुग्णवाहिका आली आणि त्याला फळीवर घेऊन कराडला नेलं.

मला मात्र गोठ्यात आणलं. शिवतेजची आई मनुबाई म्हणाली, "ते माज्या नदरंसमोर नगं." पुढचं सगळं मी इथंच ऐकलं. कवटीत रक्त साकळलं होतं. मेंदूला सूज आली, म्हणून डॉक्टरांनी कवटीच्या हाडाचा एक तुकडा काढून ठेवला. शिवतेज जगतो का जातो, कुणालाच माहीत नव्हतं. आबा वैरण टाकायला यायचे आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडायचे. "मीच काढाया लावलं गं. लोकांच्या रामरामापायी पोरगं घालवून बसतुया." त्यांना काही सांगावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठं आहे?

शिवतेज वाचला. घरी आला, पण डोक्याची एक बाजू खोल गेलेली. शिवांजलीला, आपल्या लेकीला, हाक मारायची तर आधी बराच वेळ तोंडाकडे बघायचा, मग नाव सापडायचं. हाड पुन्हा बसवेपर्यंत डोक्याला जराही धक्का लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि संयोगिताला माझी आठवण झाली!

तिनं कोळिष्टकं झाडली, अस्तर धुतलं, मला उन्हात वाळवलं आणि पिशवीत घालून तपासणीला कराडला नेलं. माझा आनंद काय सांगू! मनात म्हटलं, आता हे डोकं सोडायचं नाही. तिनं मला टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, घरात फिरताना ह्यांना हे घातलं तर चालंल न्हवं?"

डॉक्टरांनी मला उचलून पाहिलं आणि मान हलवली. "नको ताई. त्या बाजूला हाड नाही. एवढं वजन त्यांना झेपायचं नाही. हलकी, मऊ टोपी मिळते, ती घाला."

मी परत पिशवीत गेलो, पिशवीतून खुंटीला.

मित्रांनो, मला घालायचं तर डोकं धड आहे तोवर घाला. वेस आली तरी घाला, घराचं दार दिसलं तरी घाला. फुटलेल्या डोक्याला माझं ओझंसुद्धा सोसत नाही.