खालचा सा

“हा ऑर्गन बिघडलाय,” प्रोफेसर म्हणाले आणि चटका बसावा तसे त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले.

सिस्टर बेनिन्या त्यांच्या मागे उभ्या होत्या. हात झग्याच्या बाह्यांत, मान थोडी कललेली. “बिघडलेला नाही हो,” त्या म्हणाल्या. “त्याची बोलायची रीत जुनी आहे, इतकंच.”

“मी ग दाबतोय आणि हा सा म्हणतोय!”

“हो. तिथे त्याचा साच आहे.”

मी दाराशी घंटी घेऊन उभी होते. मठात कुणी पुरुष आत आला की पुढे घंटी वाजवत चालायचे, म्हणजे सिस्टर आपापल्या खोल्यांत वळतात. सव्वीस वर्षे फाटकावर माझे हेच काम. त्या दिवशी आत तीन पुरुष होते. शहरातून आलेले प्रोफेसर, गावचे फादर एत्तोरे, आणि पलीकडच्या खोलीत बॉयलरखाली आडवा पडलेला ओरेस्ते. एका दिवसात तीन पुरुष मठाने लढाईनंतर पाहिले नसतील. माझा हात दुखून आला होता.

प्रोफेसरांचीही चूक नव्हती. या ऑर्गनचा सूर कथलाच्या नळ्यांतून निघतो. मोठ्या नळ्यांना कथील फार लागे, म्हणून जुन्या कारागिरांनी सगळ्यात खालच्या सप्तकातले क्वचित लागणारे सूर गाळून टाकले आणि उरलेले दाटीवाटीने बसवले. डावीकडची शेवटची पांढरी पट्टी दिसायला ग, पण बोलते सा. तिच्या शेजारचा म आपल्या जागी. त्यानंतरची काळी पट्टी मात्र रे, आणि त्यापुढची काळी ग. ज्यांचे हात शाळेत शिकले ते इथे हमखास अडखळत. वाजवून बघायला आलेल्यांत प्रोफेसर तिसरे होते.

ते गेल्यावर फादर एत्तोरेंनी खिशातले पत्र पुन्हा उघडले. मठात चारच सिस्टर उरल्या होत्या. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की त्यांना समुद्राकाठच्या मठात जायचे होते, आणि इमारतीला कुलूप लागायचे होते. ऑर्गनबद्दल बिशपांच्या कचेरीतून पत्र आले होते. गावच्या चर्चमध्ये रविवारी तो वाजवणारे कुणी असेल तर तो गावाला मिळेल. नसेल तर संग्रहालयात जाईल.

“तिथे नीट ठेवतील, सिस्टर,” फादर म्हणाले. “दोरी लावतील भोवती. लोक बघतील.”

“बघण्यासारखा आहे का तो, फादर? मी त्याला पुढून कधी पाहिलाच नाही.”

खरेच होते ते. ऑर्गन भिंतीत बसवलेला. त्याचे तोंड मठाच्या चर्चकडे, आणि पट्ट्या मागे, मठाच्या आतल्या बाजूला. गावाने एक्कावन्न वर्षे त्यांचे वाजवणे ऐकले होते, त्यांना पाहिले नव्हते. आणि त्यांनी एक्कावन्न वर्षे एका पेटाऱ्याची पाठ पाहिली होती.

“फादर,” बॉयलरच्या खोलीतून आवाज आला, “सूर इकडचे तिकडे, हे तर माझ्या बाजासारखं झालं!”

ओरेस्ते दारात आला. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, हातात पाना. दिवसा तो आमच्या टेकडीवरचे बॉयलर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो, शनिवारी रात्री खालच्या गावांतल्या नाचांत अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. त्याच्या घराण्यात चर्चमध्ये बायका जातात. पुरुष बाहेर पारावर सिगरेट ओढत थांबतात आणि बाप्तिस्म्याच्या जेवणाला सगळ्यांच्या आधी हजर होतात.

“माझ्या डाव्या हाताला बटणं असतात,” तो म्हणाला. “साच्या शेजारी प, पच्या शेजारी रे. तिथं कुणीच आपल्या शेजाऱ्याजवळ राहत नाही. दाबून बघू का?”

“साबण तिकडे आहे,” सिस्टर बेनिन्या म्हणाल्या.

तो हात धुऊन आला आणि विजारीला पुसत बाकावर बसला. पहिल्या खेपेस चुकला. दुसऱ्या खेपेस त्याचा डावा हात सा, रे, ग, म असा थेट जिना चढून गेला, पांढरी, काळी, काळी, आणि मागे वळून पांढरी. बोटांकडे न बघता, खिडकीबाहेर बघत.

सिस्टर बेनिन्यांचे हात बाह्यांतून बाहेर आले.

“फादर,” त्या म्हणाल्या, “पत्राला उत्तर लिहायची घाई करू नका.”

त्या संध्याकाळी मठाच्या प्रमुख मदरनी मला बोलावून घेतले. “बॉयलरला काय झालंय, नोर्मा?”

“बरंच काय काय झालंय, मदर.”

“किती दिवस लागतील?”

“मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन बघावं लागेल म्हणतो. सहा आठवडे तरी.”

मदरनी चष्मा काढून पुसला. “मे महिन्यात बॉयलर.” मग चष्मा परत घातला. “बरं. हिवाळ्याची तयारी असलेली बरी.”

मग मी मंगळवार-शुक्रवार घंटी वाजवत पुढे आणि ओरेस्ते हत्यारांची पेटी घेऊन मागे. पेटी तो उघडत नसे. मी मात्र एका कोपऱ्यात भरतकाम घेऊन बसायचे, कारण नियम नियम असतो. खरे सांगायचे तर कुणी मला उठवले असते तरी मी उठले नसते.

ओरेस्तेला स्वरलिपी वाचता येत नव्हती. म्हणून सिस्टर गायच्या आणि तो शोधायचा. एक ओळ त्यांची, तीच ओळ त्याची. गाताना त्या दोन बोटांनी हवेत नाडी धरल्यासारखे करायच्या. त्याने नीट वाजवले की बोटे मिटायची.

“ओरेस्ते, मरियामातेला नाचायला लावू नकोस.”

“मी कुठे लावतोय? हात आपोआप जातात.”

“मग त्यांना परत बोलाव.”

“तिच्या लग्नात कुणीतरी वाजवलं असेलच ना, सिस्टर?”

“असेल. पण ही ओळ लग्नाची नाही. मुलगा मेलाय तिचा.”

पुढची खेप त्याने इतकी सावकाश घेतली की सिस्टरना श्वास पुरेना, आणि त्यांनी ती थांबवली नाही.

एका शुक्रवारी त्याने घरचा मऊ सॉसेज आणला, पाच सिस्टरना पुरेल एवढा.

“आज शुक्रवार आहे, मांस चालत नाही, नास्तिका,” मी म्हणाले. “आणि सिस्टर चार आहेत.”

“पाचवी तू. आणि शुक्रवारी येतो म्हणून शुक्रवारी आणला. शनिवारी खा की! मी काय पोलीस ठेवणार आहे?”

जूनच्या शेवटी परीक्षा ठरली. बिशपांचे माणूस येणार होते, आणि ऑर्गन उतरवून पुन्हा उभा करणारी कारागीर रोमिल्दा. त्याच्या आदल्या मंगळवारी ओरेस्ते नेहमीसारखा बाकावर बसला नाही.

“परीक्षेला मी येतो,” तो म्हणाला. “पण पुढचं काही विचारू नका. रविवारी सकाळी मी झोपलेला असतो, सिस्टर. आणि खरं बोलायचं तर मला तिथं बसून खोटं वाजवायचं नाही. माझा बाप जन्मभर त्या दारात उभा राहिला, उंबरा नाही ओलांडला त्याने. लोक काय म्हणतील? म्हातारपणी ओरेस्तेला देव सापडला?”

माझी सुई थांबली. इतक्या आठवड्यांचे सगळे त्या एका वाक्यात बुडाले. फादर एत्तोरेंनी कचेरीला आधीच कळवले होते की माणूस मिळाला आहे. आता सिस्टर हात जोडतील असे मला वाटले. निदान रागावतील.

त्या त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. असे त्या कधी कुणाच्या शेजारी बसल्या नव्हत्या.

“मी इथे कशाला आले ठाऊक आहे?”

“देवाने बोलावलं असेल.”

“आम्ही दुसऱ्याच्या शेतावर राबणारी माणसं. घरात बाजा सोड, घड्याळही नव्हतं. सात वर्षांची असताना आईबरोबर एकदाच मठाच्या या चर्चमध्ये आले. गर्दीत मोठ्यांच्या पाठीच दिसत होत्या, आणि भिंतीतून हा आवाज आला. आईला विचारलं, कोण वाजवतंय? ती म्हणाली, आतल्या सिस्टर. तेव्हाच ठरवलं, आत जायचं. एकोणिसाव्या वर्षी आले. सगळे म्हणाले, पोरीला देवाचं वेड आहे. मला या पेटाऱ्याचं वेड होतं, ओरेस्ते. देव मला बरा वाटायचा, पण मी त्याच्यासाठी आले नव्हते.”

ओरेस्तेने माझ्याकडे पाहिले. मी भरतकामाकडे पाहिले. सव्वीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

“पाच वर्षं मला वाटायचं, मी त्याला फसवतेय. रात्रीची झोप लागायची नाही. एकदा पहाटेची स्तोत्रं वाजवताना एकदम ध्यानात आलं की मी बराच वेळ त्याच्याशीच बोलतेय. कधी सुरू झालं, मला कळलंच नाही. मग हसू आलं. फसवलं होतं त्याने मला. आवडीची वस्तू दाखवून लहान मुलाला घरी नेतात ना, तसं.”

“म्हणजे मलाही फसवेल म्हणता?”

“मी काही म्हणत नाही. तू खोटं वाजवू नकोस. तू फक्त नीट वाजव. बाकी त्याचं तो बघेल, नाही बघितलं तर तेही त्याचं.”

ओरेस्तेने बराच वेळ खालच्या पट्टीवर बोट ठेवले, न दाबता.

“दहाच्या उपासनेला येईन,” शेवटी तो म्हणाला. “आठच्या नाही. आठला मेलो तरी येणार नाही.”

परीक्षेच्या दिवशी त्याने कोट घातला होता. बिशपांचे माणूस चर्चमध्ये खाली बसले, आम्ही वर. त्याने संध्याकाळचे स्तोत्र वाजवले, मग मृतांसाठीची प्रार्थना. हात एकदाही नाचला नाही. शेवटचा सूर विरल्यावर खालून आवाज आला, “वाजवतो ठीक. पण फादर, हा इसम शनिवारी कुठे असतो तुम्हाला ठाऊक आहे का?”

“मला ठाऊक आहे,” रोमिल्दा म्हणाली. “मी तिथे नाचते.”

फादर एत्तोरेंना एकदम खोकला आला. बिशपांच्या माणसाने कागदावर सही केली.

सप्टेंबरात ऑर्गन उतरवला. मठाच्या गल्लीत ट्रक शिरत नाही, म्हणून गाव आले. नळ्या मठाच्या जुन्या चादरींत गुंडाळल्या आणि उतारावरून हातांहातांत खाली गावच्या चर्चमध्ये गेल्या. खाटकाने सगळ्यात जाड नळी खांद्यावर घेतली. शाळेच्या बाईंनी बोटभर लांबीच्या नळ्यांची टोपली ओंजळीत धरली आणि वाटेत कुणाशीही बोलल्या नाहीत. रोमिल्दा ओरडत होती, “तोंडाला हात लावू नका! पोटाला धरा, पोटाला!” आणि ओरेस्ते तिच्यामागून तेच जास्त मोठ्याने ओरडत होता.

पुढची रांग निघाली तेव्हा भिंतीत एक मोठी पोकळी पडली आणि तिच्यातून चर्चचा उजेड मठात आला. सिस्टर बेनिन्या तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. खाली बाक, वेदी, मेणबत्त्यांचे डाग.

“एवढंच आहे?” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, फार मोठं असेल. मी इतक्या जोरात वाजवत होते.”

रोमिल्दाने पुढची एक नळी त्यांच्यासमोर धरली. चकचकीत कथील, ओठांसारखी कापलेली फट. सिस्टरनी ती पालथ्या हाताने हळूच चाचपली, ताप बघतात तशी.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. मग मदरनी पोकळीवर पडदा लावून घेतला.

तीन राजांच्या सणानंतरच्या सोमवारी गाडी आली. चार सिस्टर, चार पेट्या. फादर स्वतः चालवत होते. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले, गावच्या चर्चपर्यंत सोडायला. चर्चपाशी त्यांनी काही न विचारता गाडी थांबवली. मदरनी घड्याळ पाहिले. “पाच मिनिटं, बेनिन्या.”

आत थंडी होती. नवा चौथरा, त्यावर अर्धा उभा ऑर्गन. मागच्या मोठ्या नळ्या आणि पट्ट्या बसल्या होत्या. बाकी सगळे अजून टेबलांवर ओळीने झोपलेले, आणि रोमिल्दा त्यांच्यावर वाकलेली. दोन बायका फरशी पुसत होत्या. ओरेस्ते कोट घालून पट्ट्यांसमोर बसला होता. सिस्टरना पाहताच तो उठला आणि त्याने बाक मोकळा केला.

सिस्टरनी मान हलवली. “तू बस. मला इथून ऐकायचंय.”

“वरचे सूर अजून लागले नाहीत, सिस्टर. सध्या माझ्याकडे डावा हातच आहे.”

“तेवढा पुरे.”

त्याने संध्याकाळच्या स्तोत्राचा खालचा भाग सुरू केला. नुसते खालचे सूर, मध्ये लांब मोकळ्या जागा, वरती काहीच नाही. तिसऱ्या सुरावर सिस्टर गाऊ लागल्या.

गावाने त्यांचा ऑर्गन जन्मभर ऐकला होता. त्यांचा आवाज असा एकटा कधी कानी पडला नव्हता. बारीक, कोरडा, वयाने झिजलेला, पण एकाही सुराला न चुकणारा. फरशी पुसणाऱ्या बायका गुडघ्यांवरच थांबल्या. सिस्टरची दोन बोटे हवेत होती. शेवटची ओळ झाली तेव्हा त्यांनी ती मिटली, क्रूसाची खूण केली, ओरेस्तेकडे पाहून जरा मान लववली आणि बाहेर गेल्या. मी दारापर्यंत गेले. त्यांनी माझा गाल थोपटला आणि गाडीत बसल्या.

आत ओरेस्तेने शेवटचा सा सोडला नव्हता. तो आवाज कानांपेक्षा पायांनाच जास्त लागत होता. बाकांच्या फळ्या बारीक थरथरत होत्या.

“उचल आता बोट,” रोमिल्दा म्हणाली. “गाडी गेली.”

“खाली अजून दोन वळणं आहेत,” ओरेस्ते म्हणाला.