चाळिसातले अठ्ठावीस

मी एक जुना गोणपाटाचा तुकडा आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेलो आहे. शांतपणे, गोडगोड कहाणी सांगणं मला जमणार नाही. अंग तागाचं आहे, टोचणारच!

सिन्नरजवळच्या एका मळ्यात मी गव्हाचं पोतं होऊन आलो. गहू संपल्यावर धोंडाबाईंनी माझी शिवण उसवली आणि मला मोठं काम दिलं. पेरणीआधी सोयाबीनचं घरचं बियाणं तपासायचं! मला भिजवून अंथरायचं, माझ्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. ऐंशी उगवले की ऐंशी टक्के. "आमचं गोणपाट खोटं बोलत नाय," असं धोंडाबाई साऱ्या वस्तीला सांगायच्या. तेव्हा मी केवढा फुगायचो!

आणि यंदा? त्यांच्या मुलाने, वाल्मीकने, मोटरसायकल पुसायला मला टराटरा फाडलं. अर्ध्याहून जास्त मी ग्रीसमध्ये गेलो. विचारलं का कुणी? वर त्यानेच उरलेल्या मला भिजवलं, मावले तेवढे दाणे मांडले आणि सहाव्या दिवशी उलगडून कपाळाला हात लावला.

"अठ्ठावीसच! आई, अठ्ठावीस टक्के. गेलं बियाणं. उद्या सकाळी तेलाच्या गिरणीवर घालतो."

धोंडाबाई मटकन खाली बसल्या. एकेक दाणा निवडून त्यांनी ती तीन पोती राखली होती. "माझी नजरच गेली म्हणायची," एवढंच त्या पुटपुटल्या.

मला असं ओरडावंसं वाटलं! अरे, मी शंभराचा राहिलोय कुठे? पण गोणपाटाला तोंड नसतं.

आरोहीला मात्र होतं. वाल्मीकची ही आठवीतली मुलगी दप्तर टाकून धावत आली.

"पप्पा, दाणे किती मांडले होते?"

"मावले तेवढे."

"तेवढे म्हणजे किती?"

"तू गप गं, सहा टक्के!"

शेकडेवारीच्या चाचणीत तिला सहा गुण पडले होते. तेव्हापासून घरात तिचं हेच नाव. आरोही लालबुंद झाली.

"सहा नाही, तीस टक्के! पेपर वीसचाच होता! विसात सहा, तर शंभरात..."

आणि ती मध्येच थांबली. माझ्याकडे पाहतच राहिली. मग मांडी ठोकून बसली आणि दाणे मोजू लागली. उगवलेले, न उगवलेले, सगळे. चाळीस! मग तिने ते माझ्यावर नव्याने मांडले. प्रत्येक ओळीत सात कोंबवाले, तीन मेलेले. बरोब्बर चार ओळी झाल्या. एकही दाणा उरला नाही.

"दहात सात, पप्पा. तुम्ही गोणपाट फाडलं नसतं, तर अशा दहा ओळी झाल्या असत्या. मग उगवलेले किती?"

वाल्मीक ओठातल्या ओठात पाढा म्हणू लागला. "सात दाहे... सत्तर."

"सत्तर टक्के! अठ्ठावीस नाही!"

"आन् तू रे," धोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, "निघाला व्हता गिरणीवर! सत्तराला काय धाड भरली? पेर गुमान." मग नातीकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तुला सहा टक्के म्हणंल त्याला आता माझ्याकडं धाड."

वाल्मीकने मान खाली घातली. पण माझी माफी? छे! गोणपाटाची माफी कोण मागतं?

म्हणून मित्रांनो, मीच बजावतो. जुनं दिसलं की फाडायचं, ही खोड सोडा. त्या जुन्याचं काम काय, ते आधी विचारा. आणि कुणी नुसता आकडा तोंडावर फेकून तुमचा निकाल लावला, तर मुळीच रडू नका. चांगलं खणखणीत आवाजात विचारा, "कितीपैकी?"

त्या घरात हा प्रश्न एक दिवस उशिरा विचारला असता, तर तीन पोती जिवंत बियाण्याचं तेल निघालं असतं.