मखमलीची लव

"ही काचसुद्धा गळली," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच संशोधक मुलगी म्हणाली.

गळत होता तो प्रकाश. दोन काचांच्या फटीत द्रवस्फटिकाचा केसाहून बारीक थर भरायचा, कडेने लाल किरण आत सोडायचा आणि तो तिथेच कोंडून ठेवायचा. बटण दाबलं की थरातले रेणू वळणार आणि किरणाला बाहेरची वाट मिळणार. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात तीन आठवडे बटण दाबायच्या आधीच किरण पसार होत होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी लेसर बदलला, द्रव बदलला. मुलीने सगळं गणित पुन्हा मांडलं. परवा पाहणी समिती यायची होती. समितीला दाखवायला काही नसेल, तर प्रकल्पच गुंडाळला जाणार होता.

काचा तयार करणाऱ्या काकू कोपऱ्यातल्या टेबलाशी हे ऐकत होत्या. घड्याळांचे पडदे बनवणाऱ्या कारखान्यात अठरा वर्षं आणि इथे नऊ, त्यांचं काम एकच. काचेवरच्या लेपावर मखमल एकाच दिशेने घासायची. हात जसा फिरेल आणि मखमलीची लव जशी झुकेल तसे रेणू ओळीने निजतात. घरी जाऊबाई पाहुण्यांना सांगत, ही काचा पुसायला जाते. काकूंनी ते कधी दुरुस्त केलं नाही. एवढं समजावत कोण बसणार?

त्या दुपारी लाकडी ठोकळ्याला चिकटवलेल्या मखमलीवरून त्यांचं बोट सहज फिरलं आणि थबकलं. लव भलत्याच अंगाला झुकलेली होती. मखमलीचा नवा तागा आला त्यालाही तीनच आठवडे झाले होते. तुकडा त्यांनीच कापला होता, त्यांनीच चिकटवला होता.

गुपचूप कापड बदललं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. काकू ठोकळा घेऊन सरळ मॅडमच्या टेबलाशी गेल्या.

"मॅडम, चूक माझी आहे. मखमल उलटी लावली मी."

मॅडमनी ठोकळा हातात घेतला. तीन आठवड्यांत त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, तेवढं कोपऱ्यातलं टेबल सोडून. एवढ्याशा लवेने इतका फरक पडतो का, असं त्यांनी विचारलं.

"पडतो," काकू म्हणाल्या. "नाहीतर मी इथे कशाला आहे?"

त्यांनी नवा तुकडा कापला, दोनदा बोट फिरवून खात्री केली आणि कामाला बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी किरण काचेत शिरला आणि आतच राहिला. बटण दाबलं, बाहेर आला. सोडलं, पुन्हा आत कोंडला. मुलीने दहादा करून पाहिलं.

मग ती नोंदवही भरायला बसली. बिघाडाच्या कारणापुढे तिने "घासण्याची दिशा" एवढंच लिहिलं. मॅडमही म्हणाल्या, नाव नको, कशाला उगाच.

काकूंनी चष्मा लावला, वही आपल्याकडे ओढली आणि त्या ओळीपुढे पूर्ण नावाची सही केली. नऊ वर्षांत त्या वहीत त्यांची ती पहिलीच सही. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मिटू दिली नाही.