मावशींची सुट्टी मला कधी दिसलीच नाही

मित्रांनो, मी लॉन्ड्रीतला जुना वाफेचा प्रेस आहे. खाली पलंगाएवढा पाट, वर जड झाकण. पायाखालची पट्टी दाबली की झाकण बसतं आणि चादर ताठ होते. नवा होतो तेव्हा सगळे माझं कौतुक करायचे. आता नळ्या गळतात, पण काम काही चुकलेलं नाही.

मला चालवायला वर्षानुवर्षं मावशीच माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी फुसफुसलो की म्हणायच्या, "रुसू नकोस रे बाबा, अजून ढीगभर चादरी आहेत." मावशींचं सगळं मला कळायचं, फक्त त्यांची सुट्टी कळायची नाही. अकरा महिने झाले की मुकादम सांगायचा, "उद्यापासून तुम्ही सुट्टीवर. पंधरवड्यानं नव्यानं लागा." आणि दुसऱ्या दिवशी मावशी माझ्यापुढे हजर! फक्त त्या मागच्या दारानं यायच्या. कपडे तुंबलेत म्हणून मुकादमच बोलवायचा. ही कसली सुट्टी? मी आपला गोंधळून वाफ सोडत राहायचो.

मग एकदा माझी नळी फुटली आणि मावशींचा हात भाजला. मला फार वाईट वाटलं. त्या मुकादमाला म्हणाल्या, "नळी बदला, मगच मी प्रेस चालवीन." तो म्हणाला, "मग घरीच बसा." एवढ्यावर त्यांची नोकरी गेली.

काही दिवसांनी त्या आपला एप्रन न्यायला आल्या. शेजारी घड्या घालणाऱ्या ताईला म्हणाल्या, "कामगार कचेरीत गेले होते गं. साहेब म्हणतात, अन्यायानं काढलं म्हणून दाद मागायची तर सलग वर्षभर नोकरी हवी. शेवटच्या सुट्टीनंतरची धरली तर माझी म्हणे सातच महिन्यांची. इथे केस पिकले माझे!"

"आणि सुट्टीत राबत होतात ते?"

"तेच कुणीतरी कचेरीत येऊन सांगायला हवं. मग ती सुट्टी नोकरीतला खंड धरणार नाहीत. पण सांगणार कोण?"

मी सांगितलं असतं हो! पण मला फुसफुसण्यापलीकडे काय येतं? ताई पुन्हा घड्या घालू लागली. तिच्या घरात मिळवती ती एकटी. मावशी एप्रन घेऊन निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात ताई एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती थेट मुकादमापुढे उभी राहिली. "काल कचेरीत सांगून आले. मावशी सुट्टीतही इथेच राबत होत्या. त्यांची तक्रार घेतली साहेबांनी."

मुकादमानं शांतपणे विचारलं, "तुला लागून किती महिने झाले?"

"आठ."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मावशींचं ऐकून मला आनंद झाला होता, तो तिथेच विरला. एकीला न्याय मिळायची आशा लागली, तर दुसरीची नोकरी गेली. वर्ष भरलं नाही म्हणून माणसाला कारण न देता काढता येतं, हे माझ्या लोखंडी डोक्यात अजून शिरत नाही. ताईनं मात्र हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि मगच ती गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना तेल घाला, आमच्या गळक्या नळ्या वेळेवर बदला. पण उद्या तुम्ही मोठे होऊन कुणाला कामावर ठेवाल, तेव्हा त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माणूस म्हणून धरा. त्यासाठी वर्ष भरायची वाट पाहू नका.