पूजेत ठेवलेलं सापांचं पुस्तक

मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या अलीकडे आमचं गाव. ग्रामपंचायतीचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा वाचनालयाचं एकुलतं एक कपाट आमच्या पडवीत आलं आणि किल्ली माझ्याकडे. पोथीचा रोजचा अध्याय, सोमवार, चतुर्थी सांभाळून मी त्यातली पुस्तकं वाचत गेले. कादंबऱ्या लोक आपणहून नेत. मला मात्र मुंग्यांचं, ताऱ्यांचं, सापांचं पुस्तक कुणाच्या तरी हाती द्यावंसं वाटे.

"गोष्टीपेक्षा गोड आहे हो, दोन पानं तरी बघा," मी म्हणायची.

शेजारचे धाकलूभाऊ हसायचे. "माई, मुंग्या वाचायच्या कशाला? आमी साखरेच्या डब्यात रोज बगतो."

ऐकलं एका सोमीनं. रघूची बायको. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. मुंग्यांच्या पुस्तकाला तिनं दोन महिने लावले आणि परत द्यायला आली ती बोलतच. "माई, मेलेल्या मुंगीला बाकीच्या उचलून बाहेर नेतात, ठावं हाय तुमाला? आता चुलीपुढची मुंगी मारवत नाय मला. सासू बोलते, सून येडी झाली."

मग तिनं ताऱ्यांचं नेलं. सापांचं मात्र नको म्हणाली. "सपनात येतील."

"अगं, रंगीत चित्रं आहेत. वाचलंस की भीती जाते," मी म्हटलं. ती हसून गेली.

शहाण्णवच्या नवरात्रात, नवमीला, सोमी धापा टाकत आली. भाताची कापणी चालू होती. हातात विळा तसाच.

"माई, ते सापांचं पुस्तक द्या. ह्यांनी शेतात अजगराचं पिल्लू धरलंय. माठात ठेवलंय, वर फडकं बांधून. दसऱ्याला लोकांना दाखवनार बोलतात. पन मला ते अजगर वाटत नाय. फुसफुसतंय लय."

सगळी पुस्तकं पाटावर सरस्वतीपुढे मांडलेली होती. हळदकुंकू वाहिलेलं. पूजा उठेपर्यंत पुस्तक हलवायचं नाही, उघडायचं नाही, हे माहेरापासून पाळत आलेली मी. घोणस आणि अजगर यांच्यावर आख्खं एक पान आहे, एवढं मला आठवत होतं. फरक काय, ते आठवेना.

"पूजेत आहे गं. परवा सकाळी पूजा उचलली की पहिलं तुलाच देते. तोवर रघूला म्हणावं, हात लावू नको."

"बोलते," सोमी म्हणाली. पाटाकडे बघून तिनं हात जोडले. तिलाही ते पटलं होतं. एकदा जरी 'द्याच' म्हणाली असती, तर मी दिलं असतं का, कोण जाणे.

दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्यांना रघूनं साप दाखवला. परत माठात सोडताना तो मनगटाला डसला. लोक हसले म्हणे. "अजगर चावला, रघ्या, आता तुला गिळतो बघ!" हळद लावली, झालं. अजगराला विष नसतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मला यातलं काही कळलं नव्हतं. एकादशीला सकाळी पूजा उचलली आणि पुस्तक पदराखाली घेऊन मीच तिच्याकडे गेले. रघू ओट्यावर बसला होता. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा, आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. सोमीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि चित्रं बघत बघत बरोबर ते पान काढलं. चित्रातल्या सापाच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी. ओळीखाली बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत तिनं मोठ्यानं वाचलं. "घोणस. अत्यंत विषारी. लोक अजगर समजून हाताळतात."

पुढचं तिनं वाचलं नाही. जीप मिळवून त्याला मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्यानंतर सोमी पुस्तक परत द्यायला आली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं तिनं.

"खरंच चांगलं हाय, माई. सगलं वाचलं."

"दुसरं एखादं नेतेस?" मी हळूच विचारलं. "पक्ष्यांचं आहे."

"नको. आता नको काय."

तिनं माझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं. ती वाटेत भेटली की अजूनही विचारते, "माई, उपास हाय का आज?"

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पूजा मी अजूनही मांडते. ते एक पुस्तक तेवढं बाहेर ठेवते, पडवीच्या खिडकीत, हात घातला की मिळेल असं. कुणी येत नाही. मीही आता कुणाला, दोन पानं बघा, म्हणत नाही. पूजा उठली की त्यावरची धूळ पुसते आणि परत कपाटात ठेवते.