बनियनमधलं भूत

धक्क्यावर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पल्याड जाणारे उतारू होतेच, पण ज्यांना पल्याडच काय, घराबाहेरही काही काम नव्हतं तेही आले होते. नावाड्याच्या होडीच्या इंजिनात भूत शिरलं होतं आणि धूरबाबा आज त्याचा बंदोबस्त करणार होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

बंदोबस्त म्हणजे काय, तर नावाड्याच्या बायकोला त्याच होडीतून कायमची माहेरी धाडायची. तिची पत्र्याची ट्रंक होडीत चढलीसुद्धा होती. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. सूनबाई ट्रंकेशेजारी उभी होती आणि संतापानं तिचे कान तापले होते. आपल्याला रडू कसं येत नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं.

काही दिवसांपूर्वी बाबा नावाड्याच्या माडीवर दोन दिवसांसाठी म्हणून उतरले आणि तिथंच मुरले. आल्या आल्या त्यांनी इंजिनाला आशीर्वाद म्हणून एक जाड काळं कापड बांधलं. वल्ह्याला नाही, सुकाणूला नाही, तर इंजिन जिथून हवा ओढतं नेमकं त्या तोंडावर, चार पदरी, करकचून.

"बाबा, तिथंच का?" सूनबाईनं विचारलं.

बाबांनी डोळे मिटून घेतले. प्रश्न विचारणारी माणसं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसत.

दुसऱ्याच दिवसापासून इंजिन काळा धूर ओकायला लागलं. पेट्रोल घटाघटा प्यायचं आणि भर पात्रात गचके खाऊन बंद पडायचं. एकदा तर होडी उतारूंसकट वाहत खडकाला जाऊन टेकली. माणसं कपड्यांवरची काजळी झटकत नावाड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली.

"वायू कोंडलाय! अग्नी माजलाय!" बाबा गरजले. "या घरात कोणीतरी पांढऱ्या पायाचं आलंय!"

यातलं पहिलं अगदी खरं होतं. वायू कोंडलाच होता. तो कोणी कोंडला, एवढंच सांगायचं बाबा विसरले. सासूबाईंनी मात्र लगेच सुनेच्या पायांकडे पाहिलं. खरं तर घरात सगळ्यांत नवं माणूस म्हणजे बाबाच. पण बाबांचे पाय धरायचे असतात, त्यांचा रंग बघायचा नसतो.

नावाडी काही अगदीच बावळट नव्हता. त्यानं मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं आधी तेलकट हात पुसून ते कापड भक्तिभावानं सोडलं आणि सासूबाईंनी ते ताटात झेललं. मग त्यानं प्लग काढला, तर तो काजळीनं काळाठिक्कर.

"पेट्रोल जास्त पडतंय, हवा कमी. कार्ब्युरेटरचं दुखणं आहे," तो म्हणाला.

त्यानं हवा अडवणारी झडप, म्हणजे चोक पाहिला, तो पुरता उघडत होता. आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट हलवून पाहिला, तोही ठणठणीत. पेट्रोल सोडणारा बारीक जेट फुंकून साफ केला, सगळं जोडलं, इंजिन सुरू केलं. धुराचा मागमूस नाही! मिस्त्री खूश झाला. त्यानं इंजिन बंद केलं, कापड कपाळाला लावलं आणि होतं तिथं परत बांधलं. संध्याकाळच्या फेरीला पुन्हा धूर.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मिस्त्रीनं हात टेकले. "दोष असता तर सापडला असता," तो म्हणाला. "हे आता बाबांचं काम."

सूनबाईला इंजिनाला हात लावायची बंदी होती. बघायची बंदी घालायचं मात्र कोणाला सुचलं नाही. ती लांबून बघत होती. कापड ताटात असलं की इंजिन शहाण्यासारखं चालायचं, तोंडावर चढलं की काळं ओकायचं. तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं.

"अगं, आशीर्वादाचं कापड ते! आईला काय वाटेल?" तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

तर आज बाबा धक्क्यावर उभे राहून सांगत होते, "ही पल्याड उतरली की कार्य संपलं! मग हे कापड मी माझ्या हातानं नदीत सोडीन आणि धूर जाईल!"

नावाड्यानं दोरी ओढली. इंजिन खोकत सुरू झालं, काळा लोट उठला, गर्दी मागं सरली.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "कापड मी गेल्यावरच का सोडायचं? आत्ता का नको?"

"हात लावू नकोस! भस्म होशील!"

तिनं गाठ सोडून कापड ओढून काढलं. इंजिनानं दोन आचके दिले आणि एका सुरात चालू लागलं. धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला. सूनबाई काही भस्म झाली नाही.

"गेलं! भूत गेलं!" गर्दी ओरडली.

बाबाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बघा! नुसत्या निघायच्या तयारीनं बाधा पळाली! बस बाई, बस लवकर!"

वल्ह्यावर नवऱ्याचं घामट बनियन वाळत होतं. सूनबाईनं ते ओढलं, चार घड्या घातल्या आणि इंजिनाच्या तोंडावर दाबून धरलं. इंजिन घुसमटलं. काळा लोट थेट बाबांच्या दाढीत शिरला. तिनं बनियन काढलं, धूर थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा धूर.

"आता सांगा बाबा, या बनियनमध्ये कुठलं भूत आहे? माझे पाय तर होते तिथंच आहेत."

आधी एक मासेवाली फिस्सकन हसली, मग सगळा धक्का. एकानं आपला रुमाल लावून पाहिला, दुसऱ्यानं पिशवी. ज्याचं त्याचं भूत तेवढंच काळं निघालं. गर्दीतल्या मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! तीनदा मीच काढलं आणि मीच बांधलं की!"

बाबांना एकाएकी एकांतातल्या साधनेची आठवण झाली. झोळी आणायला ते माडीकडे इतक्या झपाट्यानं निघाले की त्यांची एक चप्पल धक्क्यावरच राहिली.

नावाडी खाली मान घालून ट्रंक उचलायला वाकला. "चल घरी."

"राहू दे," सूनबाई म्हणाली, आणि तिनं ट्रंकेवर हात ठेवला. "इंजिन तीनदा खोलून घेतलंस. माझं म्हणणं एकदा तरी ऐकायचं होतंस. मी माहेरी जातेय. तुम्ही धाडताय म्हणून नाही, मला जायचंय म्हणून. राग उतरला की येईन."

मग ती सासूकडे वळली. "आई, बर्नरची भोकं तुंबली की पातेली काळी होतात. तेव्हा तुम्ही पिन शोधता, कोणाचे पाय बघत नाही. इंजिनाला वेगळा न्याय का? कोणी काही बांधायला आलं, तर आधी 'का?' म्हणून विचारा. आणि बांधलंच, तर एकदा सोडून बघा. विचारल्यानं कोणी भस्म होत नाही."

सासूबाईंनी कापडासाठी आणलेलं रिकामं ताट लेकाकडे दिलं, निऱ्या सावरल्या आणि होडीत सुनेशेजारी येऊन बसल्या.

"तुम्ही कुठं?"

"तुझ्या आईबापांना 'पोरगी पांढऱ्या पायाची' असं सांगून आम्ही तुला धाडणार होतो," सासूबाई म्हणाल्या. "ते खोटं होतं, एवढं त्यांना माझ्या तोंडानं सांगून येते."

नावाड्यानं ताट खाली ठेवलं आणि होडी सोडली. धूर नव्हता, त्यामुळे पल्याड पोचेपर्यंत त्या दोघी धक्क्यावरून स्वच्छ दिसत होत्या.