दोन दांड्यांची पेटी

आमच्या घरात रेडिओच्या लहरींवर चालणारी मोटार आली आणि माझी शांतता गेली. हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. हातभर लांबीची ती पत्र्याची गाडी यांनी सुट्टीभर खपून स्वतः बनवली होती. आता तिला लांबून हुकूम सोडायला ट्रान्समीटर हवा होता. छावणीतल्या मेजर चंद्रकांतांनी विलायतेहून आणलेल्या दोन पेट्या पाठवल्या, "हवी ती ठेवा, दुसरी परत करा" म्हणून. दोन्ही पेट्या आदर्श नगरातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसल्या. आम्ही जेवायचो जमिनीवर.

एका पेटीला एकच बटण. दाबलं की गाडी डावीकडे, पुन्हा दाबलं की सरळ, मग उजवीकडे, मग परत सरळ. हा क्रम चालवणाऱ्यानं ध्यानात ठेवायचा. शिवाय एकदा सुटलेली गाडी लांबून थांबवायची सोयच नाही. दुसऱ्या पेटीला दोन दांड्या, एक वळवायची आणि एक थांबवायची.

"यात विचार कसला करताय?" मी म्हटलं. "थांबवता येते ती घ्या."

"तिला दोन्ही हात लागतात."

"मग? देवानं दोन दिलेत ना?"

"अगं, मग आरतीत टाळ्या कशा वाजवू?"

खरी मेख तिथं होती. या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला यंदा हे यजमान होते आणि पेटलेलं निरांजन या गाडीत ठेवून गणपतीपुढं न्यायचं यांच्या डोक्यानं घेतलं होतं. मंडळाचे वडीलधारे वसंतराव नाराजीनंच तयार झाले. "पण यजमानानं आरतीत टाळी वाजवलीच पाहिजे, शशिकांत," त्यांनी बजावलं. "हात गुंतवून उभा राहिलेला यजमान मला चालायचा नाही."

म्हणून एका बटणाची पेटी ठरली. ती उजव्या हातात धरायची, अंगठा बटणावर ठेवायचा आणि डाव्या हातानं उजव्या मनगटावर टाळी द्यायची. यांनी अंगणात सराव केला, गाडी शहाण्या मुलासारखी चालली. मी कपाळावर हात मारला. पेटलेली वात घेऊन जाणारी गाडी थांबवता येत नाही, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

वसंतरावांच्या अंगणात मांडव होता. समोर गणपती. आमच्या डाव्या हाताला माझ्या जुन्या साड्यांचा पडदा. आरतीनंतर मुलांचं नाटक होतं, म्हणून मुलं पडद्यामागं नटून उभी होती. आमची मीनाक्षी ऋषी झाली होती. तिची कमरेपर्यंतची कापसाची दाढी मीच डिंकानं चिकटवली होती. बाकीची मुलं ढग झाली होती, डोक्यापासून पायापर्यंत नुसता कापूस.

आरती सुरू झाली. गाडी निघाली. ज्योत डुलत होती, पण गाडी सरळ चालली होती. हे टाळी देत होते. वसंतराव पलीकडच्या टोकाला, गणपतीच्या पाटाशी, डोळे मिटून गात होते. गाडी पाटाला टेकली की निरांजन त्यांनी उचलायचं होतं.

मग झांजांनी लय वाढवली आणि गाडी वाकडी झाली. डावीकडे, सरळ, उजवीकडे, पुन्हा सरळ. लोक खूश झाले. "वा, गाडी नाचतेय!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या आणखी जोरात पडू लागल्या.

मी यांच्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताबरोबर उजव्या हाताचा अंगठाही ताल धरत होता! जन्मभर आरतीत टाळ्या वाजवलेले हात ते, एकाला ताल सापडला की दुसरा कसा गप्प राहील? अंगणात सराव केला, पण आरती म्हणत केला नव्हता.

गाडी पडद्याकडे वळली.

"अहो, अंगठा!" मी ओरडले. झांजांपुढे माझं कोण ऐकतंय? यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पुढं कुठं वळेल, मला सांगता येत नाही," हे कसेबसे म्हणाले आणि अंगठा मात्र थांबेना.

मी पुढं झाले आणि सगळ्या मंडळासमोर, वडीलधाऱ्यांसमोर, यांचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला. अंगठा माझ्या मुठीत थांबला. गाडी आता सरळ पडद्यावर चालली होती. पडद्याखालून कापसाचे पाय दिसत होते.

"दाबा," मी म्हटलं. "एकदाच. आणि चाकं बघा."

यांनी दाबलं. चाकं डावीकडे वळली. गाडी पडद्यात घुसायला निघाली, साडीचा काठ ज्योतीवर लोंबला.

"डावी," हे पुटपुटले. "म्हणजे आता सरळ. मग उजवी." माझ्या मुठीतला अंगठा दोनदा दबला.

काठाला घासून गाडी उजवीकडे फिरली आणि जाऊन पाटावर आदळली. वसंतरावांनी डोळे उघडले, निरांजन उचललं आणि ओवाळायला लागले. त्यांना काही कळलंच नव्हतं. पडद्याचा काठ काळा पडून धुरत होता. मी धावत जाऊन तो हातानंच चुरगळला.

आतून मीनाक्षीनं दाढी बाहेर काढली. "आई, गाडी आमच्याकडे का आली होती? मतलब, फिरसे आणा ना!"

मी तिला दाढीसकट छातीशी धरलं आणि सगळ्यांसमोर रडले.

त्या रात्री यांनी बटणाची पेटी परत पाठवायला बांधून ठेवली.

विसर्जनाच्या दिवशी गाडीत निरांजन नव्हतं, जास्वंदीची फुलं होती. हे दोन्ही दांड्या दोन हातांत धरून उभे राहिले. वसंतरावांची नजर त्या हातांवर गेली, मग माझ्या भाजलेल्या बोटांवर आली. त्यांनी आरतीचं ताट उचललं.

आरती सुरू झाली. यांनी माझ्याकडे पाहिलं. बोटं अजून चुरचुरत होती, तरी मी टाळ्या वाजवल्या, आम्हा दोघांच्या वाटच्या.